पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : श्वासासाठी नळी की मास्क?

वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरे

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत भूल देताना श्वासाचा मार्ग कोणत्या साधनाने राखला जातो, याविषयी पाच वाचकांनी विचारणा केली आहे. प्रश्न एकमेकांशी निगडित असल्याने त्यांची उत्तरे या वेळी एकत्र दिली आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. वय 46, वजन 62 किलो. मधुमेह, रक्तदाब किंवा आम्लपित्ताचा त्रास नाही. पित्ताशयात खडे असल्यामुळे पुढील महिन्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शस्त्रक्रियेत घशात नळी घातली होती आणि त्यानंतर आठवडाभर माझा आवाज बसला होता. माझ्या नणंदेला याच शस्त्रक्रियेसाठी नळीऐवजी ‘आय-जेल’ नावाचे साधन वापरले आणि तिला काहीच त्रास झाला नाही. मी तसा आग्रह धरावा का?

उत्तर : आपल्याला आवाजाची काळजी वाटणे अगदी रास्त आहे, कारण आपले कामच आवाजावर चालते. आग्रहाविषयी सांगण्याआधी नळी आणि मास्क (आय-जेल हा त्याचाच एक प्रकार) ही दोन्ही साधने नेमके काय करतात ते पाहू.

या शस्त्रक्रियेत बहुधा पूर्ण भूल दिली जाते आणि स्नायू शिथिल करणारे औषधही दिले जाते. त्यामुळे रुग्णाचा स्वतःचा श्वास काही काळ थांबतो आणि ते काम व्हेंटिलेटर करतो. अशा वेळी घशातील साधनाकडून दोन अपेक्षा असतात. प्राणवायू आणि भुलीचा वायू फुप्फुसांपर्यंत न गळता पोहोचला पाहिजे, ही पहिली. जठरातील आम्ल किंवा अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरता कामा नये, ही दुसरी. पहिली अपेक्षा नळी आणि मास्क ही दोन्ही साधने बऱ्यापैकी पूर्ण करतात. खरा फरक दुसऱ्या अपेक्षेत आहे, आणि या विषयावरील सगळी चर्चा अखेर तिथेच येऊन ठेपते.

एंडोट्रेकियल ट्यूब, म्हणजे आपण जिला नळी म्हणता ती, लॅरिंगोस्कोपच्या (घशात पाहण्याच्या उपकरणाच्या) साहाय्याने दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरवली जाते. तिच्या टोकाजवळचा कफ, म्हणजे हवेने फुगणारी छोटी पिशवी, फुगवला की श्वासनलिका चहूबाजूंनी बंद होते आणि वरून आलेले काहीही सहसा खाली जात नाही. मात्र ती स्वरतंतूंना चिकटून असते. जाडी जास्त असेल, कफ प्रमाणाबाहेर फुगवलेला असेल किंवा नळी घालताना दोन-तीनदा प्रयत्न करावे लागले असतील, तर नंतर आवाज बसतो. आपल्या बाबतीत मागच्या वेळी यांपैकी काही घडले असण्याची शक्यता आहे.

लॅरिंजियल मास्क स्वरतंतूंच्या वरच थांबतो आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी झाकणासारखा बसतो. लंडनमधील भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी 1981 मध्ये त्याची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि 1988 पासून तो ब्रिटनमध्ये सर्रास मिळू लागला. हात-पाय, हर्निया, स्तनाची गाठ अशा शस्त्रक्रियांत त्याने मोठीच सोय केली. पोटात वायू भरून करायच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र तो पहिला मास्क अपुरा होता, कारण साधारण 20 सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबानंतर तो गळू लागे.

पित्ताशय काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड वायू सामान्यतः 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने भरतात. त्याने श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांना फुगायला जागा कमी उरते आणि तेवढीच हवा आत ढकलण्यासाठी व्हेंटिलेटरला अधिक दाब लावावा लागतो. शिवाय पोटातला कार्बन डायऑक्साइड रक्तात शोषला जातो आणि तो बाहेर टाकण्यासाठी दर मिनिटाचा श्वासही वाढवावा लागतो. एवढ्या दाबाला मास्क टिकला नाही, तर काही हवा तोंडावाटे निसटते आणि काही अन्ननलिकेतून जठरात शिरते. फुगलेले जठर पित्ताशयाच्या अगदी शेजारी असल्याने शल्यचिकित्सकाच्या नजरेआड येते. त्यातले आम्ल वर येण्याची भीतीही वाढते.

म्हणून नंतरच्या पिढीतल्या मास्कमध्ये जठरासाठी दुसरी, वेगळी वाट ठेवली गेली. प्रोसील हा 2000 च्या सुमारास आलेला मास्क साधारण 30 सेंटिमीटर पाण्याइतका दाब पेलतो आणि त्यातून रायल्स ट्यूब ही बारीक नळी जठरात सोडून आतली हवा व द्रव ओढून घेता येतो. आय-जेल 2007 मध्ये आले. ते मऊ, जेलसारख्या पदार्थाचे असते, त्यात फुगवायचा कफ नसतो आणि जठराची वाट असतेच. त्याची दाब पेलण्याची क्षमता बहुतेक रुग्णांत प्रोसीलपेक्षा थोडी कमी, म्हणजे पंचविशीच्या आसपास भरते.

आता आपल्याविषयी. वजन बेताचे आहे, शस्त्रक्रिया आधीच ठरलेली आहे, आम्लपित्त नाही, मधुमेह नाही. अशा रुग्णासाठी दुसऱ्या पिढीचा मास्क हा विचारपूर्वक घेता येण्याजोगा पर्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आय-जेल 30 ते 60 किलोसाठी 3 क्रमांकाचे आणि 50 ते 90 किलोसाठी 4 क्रमांकाचे येते, म्हणजे आपल्याला बहुधा 4 क्रमांकाचे बसेल. मास्क बसवताना नाडी आणि रक्तदाब नळीच्या तुलनेत कमी उसळतात, शुद्धीवर येताना ठसका कमी लागतो आणि आवाज बसण्याचे प्रमाणही कमी असते. घसा मुळीच दुखणार नाही, असे मात्र कोणी सांगू नये.

तरीही आग्रह धरू नका. भूलतज्ज्ञांना मागच्या वेळचा अनुभव आणि आपला व्यवसाय सविस्तर सांगा आणि मास्क शक्य आहे का, हे मोकळेपणाने विचारा. ज्यांच्या हाताला हे साधन सरावाचे आहे, त्यांच्याकडूनच ते वापरले जाणे हिताचे असते. त्यांनी नळीच योग्य ठरवली तरी आवाजाची काळजी घेता येते. आपल्यासाठी थोडी बारीक, 6.5 किंवा 7 मिलिमीटरची नळी घेता येईल, आणि कफचा दाब हाताच्या अंदाजाने न ठरवता मापकाने 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याच्या मर्यादेत ठेवता येईल. कफ मापकाने तपासणे ही फार साधी गोष्ट आहे आणि ती प्रत्येक शस्त्रक्रियागृहात व्हायला हवी. शेवटी एक गोष्ट संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्या : मास्क नीट बसला नाही किंवा मध्येच गळू लागला, तर त्याच क्षणी नळी घातली जाईल. ती पूर्वतयारी नसेल तर मास्क वापरूच नये.

प्रश्न : माझे वडील 68 वर्षांचे असून नाशिकला राहतात. त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे, वजन 104 किलो आहे आणि रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते. वजन आणि साखरेसाठी ते अलीकडे आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मास्क वापरा, असे आम्ही सुचवले, पण भूलतज्ज्ञांनी ठाम नकार दिला. ते जुन्या वळणाचे आहेत का?

उत्तर : नाहीत. मीही नकारच दिला असता.

आपल्या वडिलांच्या बाबतीत जठर रिकामे असेल असे गृहीत धरता येत नाही. अनेक वर्षांच्या मधुमेहाने जठराला चालना देणाऱ्या नसा मंदावतात आणि रात्रीचे जेवण सकाळपर्यंत पोटात राहू शकते. सेमाग्लुटाइड जठर रिकामे होण्याचा वेग आणखी कमी करते. वजन उतरवण्यात मात्र मोठा वाटा भूक कमी होण्याचा असतो. आडवे झाल्यावर जळजळ होते, याचा अर्थ अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल आहे. त्यात 104 किलो वजन, म्हणजे पोटात वायू भरल्यावर व्हेंटिलेटरला लावावा लागणारा दाब मास्कच्या मर्यादेपलीकडे जाण्याचा संभव. कॅनडातील भूलतज्ज्ञांनी 2002 मध्ये प्रोसील आणि नळी यांची याच शस्त्रक्रियेत तुलना केली होती. सडपातळ रुग्णांत दोन्ही साधने सारखीच ठरली, पण स्थूल रुग्णांपैकी काहींचा मास्क काढून नळी घालावी लागली होती.

जठरातील आम्ल फुप्फुसांत जाणे ही क्वचित घडणारी, पण घडल्यास जिवावर बेतणारी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2008 पासून वर्षभर श्वासमार्गाशी संबंधित गंभीर घटनांची देशभर नोंद घेण्यात आली आणि 2011 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. भूल देताना श्वासमार्गाच्या अडचणींमुळे जे मृत्यू झाले, त्यांतील सुमारे निम्म्या मृत्यूंच्या मागे हेच कारण होते. ज्याच्या पोटात अन्न असण्याची शक्यता होती, त्या रुग्णाचा धोका आधी नीट ओळखला गेला नव्हता, हा त्या अहवालातील वारंवार आढळणारा दोष. आपल्या डॉक्टरांनी तो धोका ओळखला आहे. त्यांचे आभार माना.

आपल्या हाती दोन कामे आहेत. इंजेक्शन केव्हा घेतले आणि पुढचे केव्हा आहे, हे भूलतज्ज्ञांना तारखेनिशी सांगा. ते थांबवायचे की नाही, हा निर्णय ते आणि मधुमेहाचे डॉक्टर मिळून घेतील, आपण परस्पर घेऊ नका. दुसरे काम उपवासाचे. हलके जेवण सहा तास आधी, तेलकट-तुपकट आठ तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, हा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या वडिलांना कदाचित याहून कडक नियम सांगितला जाईल. आपल्याकडे सगळा घोळ होतो तो चहाने. दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही, तो जेवणात मोजला जातो. तांदळाची पेज आणि ताकही तसेच. सकाळी दिलेला ‘अर्धाच कप’ लपवून ठेवला, तर साधनांविषयीचा सगळा विचार व्यर्थ ठरतो. चुकून काही पोटात गेले असेल तर सांगून टाका. शस्त्रक्रिया काही तास पुढे जाईल, एवढेच.

प्रश्न : मी चंद्रपूरचा आहे. बारा-तेरा वर्षे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खात आलो आहे. अलीकडे तोंड पूर्ण उघडत नाही, जेमतेम दोन बोटे जातात. तिखट लागले की आग होते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया करायची आहे. मास्क वापरला तर तोंड कमी उघडण्याची अडचण येणार नाही, असे मित्र म्हणतो. खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. आपल्या पत्रातील हे वर्णन सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर आखडण्याच्या विकाराशी जुळते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जातात. दोनच जात असतील तर लॅरिंगोस्कोप आत घालून स्वरतंतू दिसणे कठीण होते, हे खरे. पण आय-जेलसारखा मास्कही पुरेसा रुंद आणि जाड असतो, आणि तो याच आखडलेल्या तोंडातून, ताठ झालेल्या टाळूखालून आत न्यावा लागतो. आत गेला तरी नीट बसेलच असे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मास्क अपयशी ठरल्यास नळी घालू हा भरवसा ज्यावर मास्कचा सगळा वापर उभा आहे, तोच भरवसा आपल्या बाबतीत डळमळीत आहे.

अशा रुग्णांत सुरक्षित मार्ग असा की, नाक आणि घसा औषधाने बधिर करून, रुग्ण जागा असताना आणि स्वतः श्वास घेत असताना, लवचीक दुर्बिणीवरून नाकावाटे नळी श्वासनलिकेत सोडायची आणि मगच पूर्ण भूल द्यायची. ऐकताना भीती वाटते, पण सरावाच्या हाताने हे काम कमी त्रासात होते. ही दुर्बीण प्रत्येक लहान रुग्णालयात नसते, म्हणून शस्त्रक्रिया कुठे करायची हे ठरवण्याच्या आधीच भूलतज्ज्ञांना तोंड उघडून दाखवा, शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलावर नव्हे.

महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी-तंबाखूचे व्यसन राहिलेच आहे. आपण खर्रा आजच सोडा आणि दंतवैद्यांकडून किंवा मुखरोगतज्ज्ञांकडून तोंडाची तपासणी करून घ्या. या विकाराचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. पित्ताशयाचा त्रास तातडीचा नसेल, तर ती तपासणी आधी झालेली बरी.

प्रश्न : मी लातूरला एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षात शिकतो. या विषयावर भारतीय महाविद्यालयांतून झालेले अनेक तुलनात्मक अभ्यास वाचले. जवळपास सर्वच अभ्यास ‘मास्क हा नळीइतकाच सुरक्षित आहे’ असा निष्कर्ष काढतात. मग अजूनही बहुतेक ठिकाणी नळी का घातली जाते?

उत्तर : आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर अभ्यास कसे वाचावेत याच्याशी निगडित आहे.

अशा अभ्यासांत सहसा साठ ते शंभर रुग्ण असतात. त्यांचे दोन गट पाडून साधन बसवायला किती सेकंद लागले, नाडी आणि रक्तदाब किती वाढले, पोटात वायू भरण्यापूर्वी आणि नंतर श्वासमार्गातील दाब किती होता, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड किती होता, नंतर घसा किती दुखला, हे मोजतात. गळतीचा दाब मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे. ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला 3 लिटर ठेवून झडप बंद करायची आणि श्वासमार्गातील दाब ज्या आकड्यावर स्थिरावतो किंवा घशाशी गळतीचा आवाज येतो, तो आकडा टिपायचा. 40 सेंटिमीटर पाण्याच्या वर मात्र जाऊ द्यायचे नाही. या मोजमापांपुरते निष्कर्ष विश्वासार्ह आहेत. नाडी आणि रक्तदाब मास्कच्या गटात शांत राहतात, प्राणवायूचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे राहते आणि जठराची वाट असलेला मास्क नीट बसलेला असेल, तर जठर फुगण्यातही लक्षणीय फरक पडत नाही.

अडचण ‘सुरक्षित’ या शब्दापाशी येते. जठरातील द्रव फुप्फुसांत जाण्याची घटना हजारो रुग्णांमागे एखादी घडते. मास्क वापरलेल्या शंभर रुग्णांत ती एकदाही घडली नाही, यावरून फार तर एवढेच म्हणता येते की तिचे खरे प्रमाण शंभरात तीनपेक्षा अधिक नसावे. आणि शंभरात तीन हे प्रमाण भूलशास्त्रात कोणालाही मान्य होणार नाही. त्याशिवाय स्थूल, आम्लपित्त असलेले, गरोदर, तोंड कमी उघडणारे आणि तातडीच्या शस्त्रक्रियेला आलेले रुग्ण या अभ्यासांतून आधीच वगळलेले असतात. म्हणजे निवडून घेतलेल्या रुग्णांत मास्क पुरेसा ठरतो, एवढाच त्यांचा खरा अर्थ आहे. सरसकट विधान करणारा निष्कर्ष वाचला की आधी वगळलेल्या रुग्णांचा परिच्छेद वाचण्याची सवय लावून घ्या.

आणखी एक भेद विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे डोके उंच आणि अंग डावीकडे कललेले असते. त्यामुळे पोटातील अवयव खाली सरकतात आणि फुप्फुसांवरचा भार काहीसा हलका होतो. गर्भाशयाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत याच्या नेमके उलट, डोके खाली असते. एका शस्त्रक्रियेतील निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही. शल्यचिकित्सक पोटातील दाब 10-12 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ठेवून काम करू शकत असतील आणि व्हेंटिलेटरवर दर श्वासाला किलोमागे 6 ते 8 मिलिलिटरच हवा दिली जात असेल, तर मास्कवरील ताण कमी राहतो. म्हणून साधनाची निवड हा एकट्या भूलतज्ज्ञांचा विषय नाही.

नळीही निर्दोष नाही, हे अभ्यास लिहिणारे सहसा सांगत नाहीत. पोटात वायू भरला की श्वासपटलाबरोबर श्वासनलिकेचा दुभाग वर सरकतो आणि आधी योग्य जागी असलेली नळी उजव्या फुप्फुसाच्या नळीत शिरू शकते. प्राणवायू अचानक घसरला आणि व्हेंटिलेटरचा दाब चढला, तर छातीच्या दोन्ही बाजू स्टेथोस्कोपने ऐकायच्या, हे लक्षात ठेवा. साधन कोणतेही असो, कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवणारा कॅप्नोग्राफ त्याला जोडलेलाच हवा.

राहिला सवयीचा प्रश्न. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 मध्ये भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हा जठराची वाट असलेले मास्क अस्तित्वातच नव्हते. त्या काळात शिकलेल्यांनी पुढच्या पिढीला नळीच शिकवली. पण मला वाटते, सवयीपेक्षा हिशेब मोठा आहे : नळीने होणारा त्रास नेहमीचा आणि किरकोळ असतो, मास्कचे अपयश क्वचित आणि गंभीर. आपण पदव्युत्तर शिक्षणासाठी भूलशास्त्र निवडले, तर दोन्ही साधनांवर हात बसवा आणि मास्क बसवल्यावर जठराच्या वाटेतून रायल्स ट्यूब सहज उतरते की नाही, हे दर वेळी पाहा. ती अडली, तर मास्क चुकीच्या जागी आहे असे समजून तो पुन्हा बसवा.

प्रश्न : पत्नीची शस्त्रक्रिया चार दिवसांपूर्वी नळी घालून झाली. घसा अजून किंचित खवखवतो आणि उजवा खांदा दुखतो. हा नळीचाच परिणाम असेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : खांद्याचा संबंध नळीशी नाही. पोटात उरलेल्या वायूमुळे आणि श्वासपटल ताणले गेल्यामुळे खांदा दुखतो आणि तो काही दिवसांत आपोआप थांबतो. घशाची खवखव बहुतेकांना दोन-तीन दिवस राहते. चौथ्या दिवशी ती उतरत असेल तर काळजीचे कारण नाही. कोमट पाणी आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरेत. आवाज दोन आठवड्यांनंतरही घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या. गिळताना तीव्र वेदना, मानेला सूज, ताप, थुंकीतून रक्त किंवा श्वास घेताना घरघर यांपैकी काहीही दिसले, तर न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.